कुंपणापलीकडची अंतराळयात्रा

जी गोष्ट कधी घडलीच नाही, तिच्याविषयी शहाणीसुरती माणसे तासन्‌तास वाद घालताना दिसली, की त्रयस्थाला हसू येते. जे यान कधी उडाले नाही, त्याच्या कप्तानाने अमुक ग्रहावर घेतलेला निर्णय न्याय्य होता की अन्याय्य, यावर आवाज चढतात, दाखले दिले जातात, प्रसंगी रुसवेफुगवेही होतात. व्यवहारी जगाच्या दृष्टीने हा निव्वळ रिकामपणचा उद्योग! आम्ही भावंडांनी मात्र या उद्योगात जवळजवळ चाळीस वर्षे घालवली आहेत. त्यातून आमच्या पदरात काय पडले, याचा थोडासा हिशेब वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

मालिकेचे नाव 'स्टार ट्रेक'. तिचा जनक जीन रॉडनबेरी. हा गृहस्थ लेखक होण्यापूर्वी लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात नोकरीला होता. 8 सप्टेंबर 1966 रोजी अमेरिकेच्या एन.बी.सी. वाहिनीवर तिचा पहिला भाग दाखवला गेला आणि 3 जून 1969 रोजी शेवटचा. अवघी तीन वर्षे, 79 भाग. भविष्यकाळातील 'एंटरप्राइझ' नावाचे यान तारकांमधून प्रवास करते आणि नवनव्या ग्रहांवरील जीवसृष्टीला भेटते, एवढेच तिचे सूत्र. यानावरची माणसे मात्र त्या काळाला धक्का देणारी होती. कप्तान कर्क अमेरिकन, त्याचा सहकारी स्पॉक अर्धा मानव व अर्धा परग्रहवासी, डॉक्टर मकॉय तापट पण कनवाळू. शिवाय संदेशवहनाची अधिकारी उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री, सुकाणूवर आशियाई वंशाचा सुलू, आणि पुढे शीतयुद्ध ऐन भरात असताना रशियन चेकॉव्हसुद्धा! उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी पहिल्या वर्षानंतर मालिका सोडण्याचे ठरवले होते. तेव्हा डॉ. मार्टिन लूथर किंग यांनी त्यांना भेटून थांबण्याचा आग्रह केला, ही आठवण त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या.

मालिकेला प्रेक्षक बेताचेच होते. 1967 च्या अखेरीस ती बंद होणार अशी कुणकुण लागली आणि येथून चाहत्यांचा खरा इतिहास सुरू होतो. ब्जो व जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम आरंभली. घरोघरी टंकलेखन यंत्रे खडखडू लागली. विद्यार्थी मोर्चा घेऊन वाहिनीच्या दारात गेले. वाहिनीनेच दिलेल्या आकड्यानुसार पत्रांची संख्या लाखावर गेली. अखेर 1 मार्च 1968 रोजी, भाग संपताच, मालिका चालू राहणार असल्याची घोषणा करणे वाहिनीला भाग पडले. पुढच्या वर्षी ती शुक्रवारी रात्री उशिरा, म्हणजे तरुण मंडळी घराबाहेर असण्याच्या वेळी लावण्यात आली आणि व्हायचे तेच झाले. परंतु बंद पडलेली मालिका गावोगावच्या लहान केंद्रांवरून पुन्हा पुन्हा दाखवली जाऊ लागली, तसतसे तिचे चाहते वाढतच गेले. 1967 पासूनच 'स्पॉकनेलिया'सारखी हौशी, चक्रमुद्रित नियतकालिके निघू लागली होती. जानेवारी 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात चाहत्यांचे संमेलन भरले. आयोजकांनी काही शेकडा माणसे धरली होती, लोटली हजारो. 1976 साली अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ शटलचे नाव 'एंटरप्राइझ' ठेवले गेले, तेही याच चाहत्यांच्या पत्रांमुळे.

हे सारे आम्हाला फार उशिरा कळले. आमच्या वाट्याला ही मालिका आली ती ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. त्या दिवसांत आमच्या धर्मग्रामात पहाटेच्या मिस्सेला मुलांची जी गर्दी होत असे, तिचे श्रेय भक्तीइतकेच या मालिकेलाही द्यावे लागेल. पुढची मिस्सा धरली असती तर भाग बुडाला असता.

आमच्या वाडीत दूरदर्शन संच एकच होता, तोही कृष्णधवल, काकांच्या घरी. काका मुंबईला कचेरीत नोकरी करीत. आमचे वडील केळी आणि पानवेल सांभाळीत. दोघा भावांच्या घरांमध्ये पूर्वी अंगणच काय ते होते. मग बावखलाच्या पाण्यावरून आणि त्याच्या काठच्या चार हात जमिनीवरून वाद उपस्थित झाला. शब्दाने शब्द वाढला, अंगणात कुंपण पडले, आणि दोन्ही घरांचे एकमेकांशी बोलणे बंद झाले. देवळात दोन कुटुंबे दोन बाजूंच्या बाकांवर बसू लागली. वाचकांपैकी ज्यांनी असा अबोला घरात पाहिला असेल, त्यांना त्याचे वजन निराळे सांगायला नको. भांडणाला निदान आवाज असतो.

मुलांना कुणी बोलू नका असे स्पष्ट सांगितले नव्हते. पण काकांच्या ओटीवर पाय ठेवण्याची आमची हिंमत नव्हती. तेव्हा आमच्या चुलत भावाने मार्ग काढला. मालिका संपली की तो कुंपणाशी येई आणि पाहिलेला भाग आम्हाला तपशीलवार सांगे. इंग्रजी त्याला अर्धेमुर्धेच समजत असे. उरलेले तो स्वतःच्या पदरचे घाली. आम्ही अलीकडे केळीच्या आडोशाने उभे राहून ऐकत असू आणि सांगून झाले की वाद सुरू. स्पॉक भावनाशून्य आहे की भावना आवरणारा आहे? कप्तानाने यान सोडून स्वतः धोक्यात उडी घेणे शहाणपणाचे आहे काय? आमची थोरली बहीण सदैव डॉक्टर मकॉयच्या पक्षाची, चुलत भाऊ स्पॉकच्या. उरलेले आम्ही वाऱ्याप्रमाणे पक्ष बदलत असू.

अशाच एका रविवारी त्याने आम्हाला होर्टाची कथा सांगितली. मूळ अमेरिकेत हा भाग 9 मार्च 1967 रोजी दाखवला गेला होता. जेनस नावाच्या ग्रहाच्या पोटात माणसे खाण खोदत आहेत. अंधारातून काहीतरी येते आणि खाणकामगारांना जाळून ठार करते. कर्क आणि स्पॉक त्या राक्षसाच्या शोधात भुयारात उतरतात. तो प्राणी दगडाचाच घडलेला असतो. स्पॉक आपल्या मनाने त्याच्या मनाला स्पर्श करतो, तेव्हा उलगडा होतो. तो राक्षस नसून आई आहे. खाणकामगारांनी नवे भुयार खोदताना जे गोल गोल दगड कुतूहलाने उचलले, फोडले, फेकून दिले, ती तिची अंडी आहेत. जमीन तिची, परकी आहेत ती माणसे.

भावंडांचा वाद पेटला तो एका बारकाव्यावरून. आरंभी स्पॉक म्हणत असतो, की हा आपल्या जातीचा शेवटचा जीव असेल, तर त्याला मारू नये. कर्क मात्र मारायला निघालेला असतो. प्रत्यक्ष समोरासमोर आल्यावर उलटे होते. कर्कचा जीव धोक्यात दिसताच स्पॉक त्याला गोळी झाडण्यास सांगतो आणि कर्क शस्त्र रोखून धरतो. आमची बहीण म्हणाली, स्पॉकचे तत्त्व मित्रावर बेतल्याबरोबर गळून पडले. चुलत भाऊ म्हणाला, गळून पडले नाही. मित्र म्हणजे काय हे त्याला तेव्हाच कळले. दोघेही इतके तावातावाने बोलत होते, की मागे वडील पाण्याचा हंडा घेऊन कधी येऊन उभे राहिले, हे कुणाच्या लक्षात आले नाही.

"काय रे, त्या अंड्यांचं पुढं काय झालं?" वडिलांनी विचारले.

चुलत भाऊ गोंधळला. मोठे काका आपल्याशी बोलत आहेत, हेच त्याला उमजेना. उत्तर आले ते कुंपणापलीकडच्या ओटीवरून. काका वर्तमानपत्र बाजूला न करताच म्हणाले, "पिलं निघाली. माणसांनी अंड्यांना हात लावायचा नाही, पिलांनी माणसांना खाणकामात मदत करायची, असा करार झाला."

वडिलांनी मान हलवली आणि हंडा घेऊन ते आत गेले. दीड वर्षात दोन भावांमध्ये झालेले ते पहिले संभाषण.

या मालिकेने आमच्या घरातला तंटा मिटवला, असा दावा आम्ही करणार नाही. तो मिटायला आणखी तीन वर्षे लागली. आमच्या धर्मगुरूंना मध्यस्थी करावी लागली, मोजणी झाली, आणि बावखलाच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. एवढे मात्र खरे, की त्या तीन वर्षांत दोन्ही घरे जोडणारा धागा तुटला नाही, तो मुलांच्या या निरर्थक वादामुळे. ज्या घरांना जमिनीविषयी बोलता येत नव्हते, त्यांना दगडाच्या आईविषयी बोलता आले.

पुढे चित्रफिती मिळू लागल्या, तेव्हा आम्ही तो भाग प्रत्यक्ष पाहिला. भावाने वर्णिलेला सुळेवाला, हत्तीएवढा होर्टा त्यात नव्हताच! एक जाडजूड गोधडीसारखे आवरण, आणि त्याखाली रांगणारा जानोस प्रोहास्का हा कसरतपटू. आम्ही पोट धरून हसलो. तरी ती आई जखमी होऊन विव्हळली, तेव्हा आमच्यापैकी कुणी हसले नाही.

मोठे झाल्यावर वादांचे विषयही मोठे झाले. या यानाला एक नियम पाळावा लागतो: कमी प्रगत ग्रहावरच्या लोकांच्या जीवनात हस्तक्षेप करायचा नाही. अमेरिका व्हिएतनामच्या युद्धात रुतत चालली असताना या नियमाला फार टोकदार अर्थ होता. फेब्रुवारी 1968 मधील एका भागात तर त्या युद्धाची छाया स्पष्टच दिसते. कप्तान कर्क हा नियम वारंवार मोडतो आणि त्याचे बरोबर की चूक, यावर जगभरच्या चाहत्यांनी कागदांचे ढीग लिहिले आहेत.

आम्हा वसईकरांना हा वाद दूरचा वाटला नाही. एका सुट्टीत किल्ल्याच्या पडक्या भिंतीवर बसून आम्ही तो घातला. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. अहस्तक्षेपाचा नियम तेव्हा असता, तर आमची नावे काय असती? परक्या जहाजातून तोफही आली आणि श्रद्धाही आली. एकीला नाकारून दुसरीला कवटाळता येते काय? चुलत भावाचे म्हणणे, की नियम असायलाच हवा होता, मग परिणाम काहीही होवो. बहिणीने फादर थॉमस स्टीफन्स यांचा दाखला दिला. इंग्लंडहून आलेल्या या धर्मगुरूने येथली भाषा आत्मसात करून ख्रिस्तपुराण रचले आणि ते 1616 मध्ये छापले गेले. पाहुणा यजमानाची भाषा शिकून बोलतो, तेव्हा त्याला हस्तक्षेप म्हणायचे की संवाद? सूर्य मावळला, तरी निकाल लागला नाही. आजही लागलेला नाही.

मार्च 1968 मधील आणखी एका भागावर आमच्यात असेच मतभेद आहेत. एका ग्रहावर रोमन साम्राज्य विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिले आहे आणि तेथे छळ सोसणारा एक शांतताप्रिय पंथ आहे. यानावरची मंडळी त्यांना सूर्योपासक समजतात. शेवटी उहुराच्या ध्यानात येते, की हे लोक आकाशातल्या सूर्याविषयी बोलत नसून देवाच्या पुत्राविषयी बोलत आहेत. इंग्रजीत दोन्ही शब्दांचा उच्चार एकच. काहींच्या मते ही केवळ शब्दांची करामत. आमच्या बहिणीच्या मते, सगळ्या विद्वानांनी चुकीचे ऐकले आणि जिचे कामच ऐकण्याचे होते, तिने बरोबर ऐकले, हीच त्या भागाची गोम.

27 फेब्रुवारी 2015 रोजी स्पॉकची भूमिका करणारे लिओनार्ड निमॉय निवर्तले. स्पॉकचा तो बोटे दुभंगून केलेला प्रसिद्ध नमस्कार त्यांनी बालपणी बॉस्टनच्या यहुदी सभास्थानात पाहिलेल्या याजकांच्या आशीर्वादावरून घेतला होता. ती बातमी कळली त्या दिवशी आम्ही चौघे चार ठिकाणी होतो. कॅनडात स्थायिक झालेल्या चुलत भावाने सर्वांना दूरध्वनी केला. सांत्वनाचे बोलता बोलता पाच मिनिटांत होर्टावर गाडी आली आणि स्पॉकचे तत्त्व गळून पडले की नाही, यावर पुन्हा भांडण जुंपले. वडील आणि काका दोघेही तोवर हयात नव्हते. बावखल आहे, कुंपण नाही.

हल्ली आमची भाची ही मालिका पाहायची म्हणते. कोणत्या भागापासून आरंभ करावा, असे तिने मागच्या नाताळात सर्वांना एकत्र विचारले. चार जणांनी चार भाग सांगितले आणि तासाभरात एकालाही दुसऱ्याचे पटवता आले नाही. "तुमचं ठरलं की सांगा," असे म्हणून ती उठून गेली.

अद्याप ठरलेले नाही.