पणजोबांचे घड्याळ

घड्याळ वेळ दाखविते, हे सर्वच जण जाणतात. परंतु ते वेळ मोजते कसे, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्या घरी पणजोबांचे खिशातले घड्याळ आहे. कित्येक वर्षे ते मुके होऊन कपाटात पडले होते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आजोबांनी मला ते खोलून, पुसून पुन्हा जुळवावयास शिकविले. तरुणपणी बडोद्यास मांडवीजवळच्या एका घड्याळजीच्या दुकानात बसून त्यांनी ही विद्या हौसेने शिकून घेतली होती. आता त्यांचे हात कापतात; म्हणून हात माझे व अनुभव त्यांचा, अशी आमची भागीदारी ठरली. "याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. एक स्क्रू हरवला, तरी घड्याळ कायमचे गेले समज," असे त्यांनी आधीच बजावले.

पहिला नियम असा, की काहीही सोडविण्यापूर्वी मुख्य स्प्रिंगचा ताण हळूहळू उतरवावयाचा. नाहीतर साठलेली शक्ती एकदम सुटून नाजूक दाते मोडतात. मग तोलचक्र, त्यानंतर अंकुश आणि शेवटी चाके, अशा क्रमाने एकेक भाग काढून मी वाट्यांत ठेवला व वहीत त्याची आकृती काढली.

चावी दिली, की मुख्य स्प्रिंग चाकांना सतत ढकलू लागते. अडविणारे कोणी नसते, तर दिवसभराची शक्ती क्षणार्धात संपली असती. झुलणारे तोलचक्र जाऊन-येऊन एका हेलकाव्यात एकच दाता पुढे सोडते. आमच्या घड्याळात सेकंदाला पाच, म्हणजे तासाला १८,००० ठोके पडतात. तोलचक्राला केसासारखी बारीक स्प्रिंग जोडण्याची युक्ती डच शास्त्रज्ञ ख्रिस्तिआन हायगेन्स यांनी १६७५ साली प्रसिद्ध केली. तत्पूर्वीची घड्याळे दिवसाकाठी कित्येक मिनिटे चुकत.

खरी कसोटी जुळविताना लागते. सर्व चाकांची सुईसारखी टोके एकाच वेळी आपापल्या छिद्रांत बसावी लागतात. "जोर लावू नकोस, जागा सापडली, की पट्टी आपण होऊन बसेल," आजोबा म्हणत. त्यात दोन दुपारी गेल्या.

घड्याळ चालू झाले, तेव्हा आजोबांनी ते कानाशी धरले व बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वडिलांच्या खिशातून हाच आवाज येई."

रोज रात्री त्याला चावी देण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे.