सापडलं का?

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. फजरची नमाज पढून आम्ही ओटीवर चहा घेत बसलो होतो, एवढ्यात अमेरिकेहून भाईजानचा फोन आला. इकडची खुशाली, तिकडची थंडी, असं नेहमीचं बोलणं झालं आणि मग ते म्हणाले, "यंदा मी शिकारीला जाणार आहे. तू भूगोल शिकवतोस ना? मला नकाशा वाचून दे."

आम्हाला आधी थट्टाच वाटली. (वाचकांनी आमच्या 'आम्ही'ला हसू नये. उर्दू शाळेत दिवसभर 'हम' म्हणण्यात आमची जीभ वळली आहे, ती मराठीत आली तरी एकवचनात येत नाही.) भाईजान कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहराजवळ राहतात. औषधांच्या गोदामात नोकरी करतात. वय बेचाळीस. गावात होते तेव्हा कोंबडी हलाल करायची वेळ आली की हेच गृहस्थ अब्बांना हाक मारून स्वतः परसात निघून जायचे. असा माणूस डोंगरात बंदूक घेऊन हरणामागे जाणार!

"का पण?" आम्ही विचारलं.

"पोरगा म्हणतो, गोश्त दुकानात तयार होतं. त्याला एकदा कळू दे. आणि खरं सांगू? मलाही कळू दे."

ज्या हरणाची ही गोष्ट आहे त्याला तिकडे म्युल डिअर म्हणतात. म्युल म्हणजे खेचर. कान खेचरासारखे मोठे, म्हणून हे नाव. शेपटीचं टोक काळं. घाबरलं की चारही पाय एकदम उचलून चेंडूसारखं उसळत जातं. उन्हाळाभर उंचावर राहतं आणि बर्फ पडायला लागलं की खाली उतरतं. हे सगळं आम्ही पुस्तकातून वाचून काढलं, कारण आमच्या आयुष्यात पाहिलेलं हरीण म्हणजे आमच्या रानातलं भेकर, तेही एकदाच आणि पाठमोरं.

भेकराचं नाव निघालं की आमच्या घरात अब्बा उठून जातात. त्याचं कारण आम्हाला याच वर्षी कळलं.

आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. तेव्हा शिकारबंदीचा १९७२ चा कायदा यायचा होता. अब्बा बारा वर्षांचे असताना एका संध्याकाळी आजोबांनी त्यांना कंदील धरायला सोबत नेलं. उजेड जवळजवळ गेला होता. आजोबांनी भेकरावर बार टाकला. लागला, हे दोघांनाही दिसलं, पण जनावर करवंदीच्या जाळ्यांत शिरलं ते शिरलंच. कंदिलाच्या उजेडात रक्ताचे चार थेंब दिसले, पुढे काही दिसेना. बाप-लेक परत आले. रात्री रानातून एकदा भेकण्याचा आवाज आला. सकाळी जाऊन शोधलं, दुसऱ्या दिवशीही शोधलं. सापडलं नाही. आजोबांनी बंदूक खुंटीला लावली ती पुन्हा उतरवली नाही.

भाईजानचा बेत ऐकल्यावर अब्बांनी हे सगळं तोंड फिरवून सांगितलं आणि शेवटी एवढंच म्हणाले, "त्याला म्हणावं, जाऊ नको. परका मुलुख, आपलं नाव असं, हातात बंदूक. आणि जनावर सापडलं नाही तर ते आयुष्यभर सापडत नाही."

आम्ही भाईजानना दोन्ही गोष्टी जशाच्या तशा सांगितल्या. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तयारी नीट करायला हवी."

बी.एड.ला आम्हाला एक बाई होत्या. पाठ टाचण तपासताना त्या म्हणायच्या, 'आज काय शिकवणार ते सगळेच लिहितात. आज काय शिकवणार नाही, तेही लिहा, म्हणजे तास भरकटत नाही.' आम्ही दोघा भावांनी शिकारीचं टाचण असंच करायचं ठरवलं. एका वहीत दोन रकाने केले. डावीकडे 'करायचं', उजवीकडे 'करायचं नाही'.

डावीकडचा रकाना सरकारनेच भरून दिला. तिथे १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचं शिक्षण घेतल्याच्या दाखल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. भाईजान पोरासोरांबरोबर बाकावर बसून ती परीक्षा पास झाले. हरणाचं लायसन्स पैसे टाकून लगेच मिळत नाही. राज्याचे क्रमांक घातलेले विभाग पाडलेले आहेत. कुठल्या विभागात, कुठल्या हंगामात, नर की मादी, किती लायसन्स द्यायची हे दरवर्षी ठरतं आणि एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत आलेल्या अर्जांतून सोडत निघते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात राज्याच्या वायव्य भागात इतकं बर्फ पडलं की हरणं फार मेली, तेव्हा तिथली लायसन्स कमी केली गेली. आम्हाला ही गोष्ट आवडली. मारायची परवानगी देणारा आधी किती जगली ते मोजतो.

आमच्या शाळा उघडायच्या सुमारास सोडतीत भाईजानचं नाव निघालं. विभाग वायव्येचा, मीकर नावाच्या गावाजवळचा. घरापासून चार तासांची वाट, आणि त्यांनी तो भाग कधी पाहिलेला नव्हता.

मग नकाशा. तिथल्या सरकारी नकाशात जमिनीला रंग असतात. पिवळी जमीन केंद्राच्या भूमी खात्याची, हिरवी वन खात्याची, निळी राज्याची, पांढरी खासगी. या भूमी खात्याकडे देशभरात मिळून सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. ती सार्वजनिक. तिथे जायला कुणाच्या दाराशी उभं राहावं लागत नाही. आमचे पणजोबा खोताचे कूळ. जळणाची मोळी आणायची तरी खोताच्या माणसाला सलाम करून आणायची. त्या घरातल्या पोराला पिवळा रंग पाहून काय वाटलं असेल, ते वाचकांना सांगायला नको.

पण भूगोलाच्या मास्तराला इतिहासही थोडा चाळावा लागतो. मीकर हे गाव ज्यांच्या नावाचं ते युट लोकांवर नेमलेले सरकारी अधिकारी होते. १८७९ साली तिथे उठाव झाला, त्यात ते मारले गेले, आणि १८८१ पर्यंत व्हाइट रिव्हर खोऱ्यातल्या युट लोकांना युटा राज्यातल्या राखीव जागेत हाकललं गेलं. म्हणजे आज जी जमीन सगळ्यांची आहे ती आधी कुणाची तरी होती. हे भाईजानना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आपण पाहुणे. पाहुण्यासारखं वागू." हे वाक्य आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

पाहुण्याने कुठे पाऊल टाकू नये, ते उजव्या रकान्यात गेलं. पांढऱ्या जमिनीत नाही. तिथे कुंपण नसलं, पाटी नसली, तरी मालकाच्या परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे. निळी जमीन राज्याची, म्हणून सगळ्यांना खुली असेल अशी आमची समजूत होती. तीही चुकली. ज्या तुकड्यांना तशी मुभा दिली आहे तेवढेच खुले. काही ठिकाणी पिवळे आणि पांढरे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे आहेत आणि पिवळ्यातून पिवळ्यात फक्त कोपऱ्यावरूनच जाता येतं. मार्च २०२५ मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने वायोमिंगमधल्या अशाच प्रकरणात शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला होता. भाईजान खूश झाले. आम्ही म्हणालो, "कायदा तुमच्या बाजूचा असेल. पण पहिल्याच वर्षी, एकट्याने, आपलं नाव घेऊन कोपऱ्यावर वाद घालायचा का?" कोपरे उजवीकडे गेले. यात भीती होती, हे आम्ही नाकारत नाही. पण वहीत लिहिलेली भीती मनातल्या भीतीपेक्षा बरी. ती मोजता येते.

पावसाळाभर इशाच्या नमाजेनंतर आम्ही इकडे आणि ते तिकडे सकाळचा नाश्ता करत, असे नकाशावर बसायचो. समोच्च रेषा आम्ही किती वर्षं फळ्यावर काढल्या, पण रेषा जवळ आल्या की माणसाचा दम लागतो, हे पहिल्यांदा समजलं. सातवीला आम्ही दरीय वारे आणि पर्वतीय वारे शिकवतो. दिवसा उतार तापतो आणि वारा दरीतून वर चढतो, रात्री गार हवा खाली उतरते. हरणाचं नाक तिखट असतं. म्हणून पहाटे, हवा खाली वाहत असताना, ते वर असेल तर आपण खालून जायचं, आणि ऊन चढलं की जागा बदलायची. आमचा धडा कुणाच्या कामी येतो आहे, हे पाहून आम्हाला जो आनंद झाला तो पगारवाढीलाही झाला नव्हता.

तीन जागा ठरल्या. ऑगस्टच्या २ तारखेला मीकरजवळ विजेने आगी लागल्या. त्यांतली ली नावाची आग सव्वा लाख एकरांच्या पुढे गेली. आमची सगळ्यात आवडती जागा त्यात जळाली. सप्टेंबरमध्ये भाईजान बंदूक न घेता, कामावरच्या एका सोबत्याला घेऊन, उरलेल्या दोन जागा चालून आले. नकाशात जी सोपी सोंड वाटली होती तिच्यावर दगडच दगड होते. मैलभर चालायला त्यांना सव्वा तास लागला. तेव्हा उजवीकडे लिहिलं : गाडीपासून दीड मैलाच्या पलीकडे गोळी नाही. कारण मारलेलं जनावर पाठीवरून आणायचं असतं, तुकडे करून, दोन-तीन फेऱ्यांत, आणि गोश्त उन्हात ठेवून चालत नाही.

मग हलाल-हरामचा प्रश्न. बिस्मिल्लाह म्हणून सोडलेल्या बाणाची शिकार फिक्हमध्ये सविस्तर आहे. धार टोचून मेलं तर खावं, आडव्या माराने मेलं तर खाऊ नये. बंदुकीची गोळी यांतली कुठली, यावर उलमांत मतभेद आहेत. जनावर जिवंत हाती लागलं तर जबह करायचं, यावर मात्र सगळे एक आहेत. भाईजाननी दोन आलिमांना विचारलं आणि दोन उत्तरं आली. त्यांनी मुभा देणारं मत घेतलं. आमची भाभी मालेगावची. ती स्वच्छ म्हणाली, "जिवंत सापडून जबह झालं तर माझ्या हंडीत. नाही तर तुमची हंडी वेगळी." यावर वाद झाला नाही. असा निर्णय घरात, पोट भरलेलं असताना घ्यावा, डोंगरात नाही, एवढं दोघांनाही पटलं.

आणखी एक अट होती. तिथल्या हरणांत मेंदू झिजवणारा एक रोग आहे, १९६७ मध्ये कोलोरॅडोतच तो प्रथम दिसला. म्हणून डोक्याचा नमुना तपासणीला द्यायचा आणि निकाल येईपर्यंत कुणी खायचं नाही.

शेवटच्या ओळी अब्बांच्या होत्या. कायदा सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी घालू देतो. अब्बांनी आम्हाला वही आणायला लावली आणि उजव्या रकान्यात स्वतःच्या हाताने उर्दूत लिहिलं : असरनंतर बार नाही. दोनशे कदमांपलीकडे नाही. पळत्यावर नाही. डावीकडे एकच ओळ लिहिली : लागलं तर शोधायचं, सापडेपर्यंत. आम्ही त्या पानाचा फोटो काढून पाठवला. जाऊ नको म्हणणारे अब्बा आता टाचणात होते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात भाईजान गेले. अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर नारिंगी टोपी. कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच असा झगझगीत रंग दिसला पाहिजे, हा नियमच आहे. पहिल्या दिवशी एकही हरीण दिसलं नाही. वन्यजीव खात्याचा अधिकारी भेटला, त्याने लायसन्स पाहिलं, बंदूक पाहिली, कुठून आलात विचारलं, आणि रस्त्यावर पुढे चिखल आहे, जपून जा, म्हणाला. अब्बा आठ महिने ज्या क्षणाला घाबरत होते तो दोन मिनिटांत संपला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठा नर दिसला, दीडशे कदमांवर, उभा. सूर्य टेकलेला होता. भाईजाननी बंदूक खाली ठेवली. सोबत्याला कळेना. त्याला काय सांगणार, की आमच्या कोकणात एक भेकर आहे म्हणून?

तिसऱ्या दिवशी आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. फोन वाजला. आम्ही स्पीकर लावला. भाईजानचा श्वास चढलेला. म्हणाले, "सकाळी मारलं. लागलं. पळालं."

पुढचं आम्ही विचारणार, तोच आतल्या खोलीतून अब्बा भिंतीला धरत बाहेर आले. हलाल झालं का, केवढं होतं, पोलीस आले का, यातलं काही त्यांनी विचारलं नाही.

"सापडलं का?"

"सापडलं, अब्बा. अर्धा तास बसून राहिलो, मग रक्तावरून गेलो. एकशे दहा कदमांवर, झुडपात. मी पोचलो तेव्हा संपलं होतं."

अब्बा खुर्चीवर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "वहीत लिही. सापडलं."

तपासणीत रोग निघाला नाही. भाभीच्या हंडीत ते गोश्त शिजलं नाही. भाईजाननी वेगळ्या हंडीत स्वतः शिजवलं आणि मुलाला आधी सगळं सांगून मग वाढलं. मुलाने अर्धं खाल्लं आणि उरलेलं टाकू दिलं नाही.