पाचव्या दिवशी तीनच अध्याय

गुरुवारी रात्री नऊ वाजता मी दुकानाचं शटर अर्धं ओढायचो, गल्ला मोजायचा तसाच ठेवायचो आणि खताच्या गोण्यांना टेकून मोबाइल उघडायचो. पडद्यावर अकरा चौकोन, त्यांतले नऊ काळे. ‘आवाज येतोय का?’ ही आमच्या अभिजात साहित्य वाचन मंडळाची नांदी. मग मी विचारायचो, ‘बोला, कुणी कुणी वाचलं?’ आणि तेवढ्यात दोन चौकोन नाहीसे व्हायचे. नेट गेलं होतं, असं दुसऱ्या दिवशी कळायचं. दिंडोरीत नेट जातं हे खरं, पण ते नेहमी माझ्या प्रश्नालाच जावं, हे जरा जास्तच होतं.

मंडळ सुरू झालं २०२० च्या टाळेबंदीत. तेव्हा सगळ्यांना वेळ होता आणि पुस्तकांच्या नावांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. माझं कृषी सेवा केंद्र अत्यावश्यक सेवेत होतं म्हणून उघडं, पण दुपारनंतर दुकानात माशी नसायची. वाचणारी माणसं शोधता शोधता चौतीस जण जमले. दिंडोरीतले, वणीचे, नाशिकचे, पुण्यात नोकरी करणारे दोन भाचे आणि त्यांच्या ओळखीतून आलेली आखातातली एक मुलगी. अभिजात हा शब्द मीच सुचवला होता. आज तो सुचवला नसता. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या दिवशी आमच्या गटावर पेढ्यांची चित्रं आली, हार आले, तुताऱ्या आल्या. पुस्तकाबद्दल एक ओळ आली नाही. नाव मोठं घेतलं की माणूस लांबूनच हात जोडतो, जवळ येत नाही.

मंडळ मरायला टेकलं होतं. ते सुधारायचे उपाय मी सगळे करून पाहिले, आणि ते सगळे शाळेतले होते. वाचल्याची नोंद करायचा तक्ता केला. महिन्याचा उत्कृष्ट वाचक निवडला (दोनदा एकच वहिनी, तिसऱ्यांदा कुणीच नाही). कादंबरीची पानं आठवड्यांनी भागली आणि आठवड्याला पासष्ट पानं असा रतीब लावला. निवृत्त प्राध्यापक असलेल्या आमच्या सरांना प्रास्ताविक करायची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली, हीच अडचण झाली. फुकटात चालणारी बैठक चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडते. सरांचं प्रास्ताविक पस्तीस मिनिटांचं.

आणि वार गुरुवार. हे कुणाच्याही लक्षात कसं आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. दिंडोरीत, जिथे स्वामी समर्थ सेवामार्गाचं मुख्य केंद्र आहे तिथे, बायकांना गुरुवारी मोकळं धरायचं! संध्याकाळची आरती, मग घरचा स्वयंपाक, उपवासाचं वेगळं, आवराआवर. नऊ वाजता ती बाई हरिभाऊ आपट्यांच्या यमूचं दुःख ऐकायला कशी बसेल? हे मला माझ्या आईनं सांगितलं. शिवाय वर म्हणाली, ‘तुमचं ते वाचन म्हणजे परीक्षाच असते रे. आमच्या पारायणाला कोणी विचारत नाही, काल वाचलं का म्हणून.’

आई दत्तजयंतीच्या सप्ताहात गुरुचरित्राच्या पारायणाला बसते. मला त्यातल्या फलश्रुतीशी फारसं देणंघेणं नाही, पण तिच्या पोथीतली एक चिठ्ठी मी त्या दिवशी नीट पाहिली. सात दिवसांत कुठवर वाचायचं, त्याची ती चिठ्ठी. पहिल्या दिवशी नऊ अध्याय. दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, म्हणजे बारा. मग एकोणतीस, मग पस्तीस. पाचव्या दिवशी मात्र अडतीसपर्यंतच, म्हणजे फक्त तीन अध्याय. मी आईला विचारलं, ‘हे असं कसं?’ ती म्हणाली, ‘छत्तिसावा वाचून बघ, मग विचार.’ बघितला. आचारधर्माचा तो अध्याय संपता संपत नाही. ही वाटणी ज्यानं कुणी केली असेल त्यानं अध्याय मोजले नव्हते, बसलेल्या माणसाची मांडी मोजली होती.

मी पासष्ट पानं मोजत होतो. ‘पण लक्षात कोण घेतो’ची पासष्ट पानं आणि ‘बनगरवाडी’ची पासष्ट पानं एका तागडीत घालत होतो. दुकानात मी असं कधी करत नाही. युरियाची गोणी आणि बुरशीनाशकाची पुडी एकाच मापानं देणारा दुकानदार किती दिवस टिकेल? ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात अडीचशेच्या आत ओव्या आहेत आणि अठराव्यात अठराशेच्या वर. रोज एक अध्याय असा नेम करणारा माणूस शेवटच्या दिवशी कोलमडणारच, आणि दोष मात्र स्वतःच्या आळसाला देणार. आमच्या मंडळातून गेलेली बरीचशी माणसं अशीच, मनात अपराधी होऊन गेली. मी त्यांना कंटाळलेली समजत होतो.

‘पण लक्षात कोण घेतो’ ही हरिभाऊंची कादंबरी मुळात अशी सलग वाचायला आलीच नव्हती. ‘करमणूक’ हे त्यांचं साप्ताहिक १८९० मध्ये निघालं आणि कादंबरी त्यातून तुकड्यातुकड्यानं लोकांपर्यंत गेली. म्हणजे तिच्या पहिल्या वाचकांना पुढचं वाचायचं असलं तरी वाचता येत नव्हतं, अंकाची वाट बघावी लागत होती. आम्ही त्यांच्यापेक्षा मागे पडलो होतो, कारण आमच्या हातात सगळंच्या सगळं होतं.

लहानपणी चातुर्मासात आमच्याकडे मारुतीच्या देवळात पोथी लागायची. एका वर्षी ‘हरिविजय’, छत्तीस अध्याय. एका वर्षी ‘पांडवप्रताप’, चौसष्ट. एक जण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा. वाचणाऱ्याचा आवाज खणखणीत, अर्थ सांगणाऱ्याला दमा. आज्या वाती वळत ऐकायच्या. एक तात्या भिंतीला टेकून रोज झोपायचे आणि युद्ध सुरू झालं की बरोबर जागे व्हायचे. त्यांना कुणी हटकलं नाही. काल चुकलेल्याला आज विचारावं लागायचं नाही, कारण पोथीच मागच्या अध्यायात काय झालं ते सांगून पुढे जायची. या पोथ्या रचणाऱ्या श्रीधरांना ठाऊक होतं की ऐकणाऱ्यातला कुणी तरी काल बैल सोडायला गेला असेल.

या आठवणीत फार रमण्यात अर्थ नाही, हेही सांगायला हवं. त्या देवळात कुणाला प्रश्न विचारता येत नव्हता. मी एकदा विचारला होता, द्रौपदीला पणाला लावलं तेव्हा धर्मराजाला कुणी थोबाडीत का मारली नाही, असा. थोबाडीत मला बसली. ऐकण्याची सोय तिथे उत्तम होती, बोलण्याची अजिबात नव्हती. आमच्या ऑनलाइन मंडळात नेमकं उलटं: बोलायला सगळे मोकळे, ऐकण्यासारखं काही नाही. मला दोन्ही हवं होतं.

म्हणून एक साधी गोष्ट केली. घरून वाचून या, असं सांगणं बंद केलं. वाचायचं ते बैठकीतच, मोठ्यानं. वार बदलून सोमवार केला. चाळीस मिनिटांतली पहिली वीस वाचनाची, उरलेली बोलण्याची. वाचणार कोण? सर. त्यांच्याकडून प्रास्ताविक काढून घ्यायचं म्हणजे मोठंच संकट होतं. मी दोन दिवस शब्द जुळवत होतो. शेवटी म्हणालो, ‘सर, तुमच्यासारखं वाचणारं दुसरं कोणी नाही.’ हे मी मस्का म्हणून बोललो होतो आणि ते खरं निघालं. चाळीस वर्षं वर्गात कमावलेला तो आवाज. स्वल्पविरामाला थांबणारा. स्वतःचं मत सांगताना जो माणूस आम्हाला नकोसा व्हायचा, तो दुसऱ्याचं वाक्य वाचताना ऐकत राहावासा वाटायचा.

पहिलं पुस्तक घेतलं ‘श्यामची आई’. थोडी कुरकुर झाली, हे तर शाळेत झालंय म्हणून. बहुतेकांच्या डोक्यात पुस्तकापेक्षा अत्र्यांचा १९५३ चा सिनेमाच होता. पण साने गुरुजींनी ते इथेच, नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहून काढलं, आणि त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. कुणी तरी सांगतंय आणि बाकीचे बसून ऐकतायत, असंच ते पुस्तक रचलेलं आहे. ते मनात वाचणं म्हणजे भजन डोळ्यांनी वाचण्यासारखं. एक रात्र वीस मिनिटांत आरामात होते. तिसऱ्या सोमवारी काळे चौकोन पाचच होते.

दुसरं ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळक १८६८ मध्ये जन्मल्या त्या गोदाकाठच्या जलालपूरला, म्हणजे आमच्या दारातच, आणि मंडळातल्या अर्ध्या लोकांना हे माहीत नव्हतं. मलाही सरांनीच सांगितलं. इथे वेगळाच घोटाळा झाला. एकाकडे संक्षिप्त आवृत्ती, एकाकडे पूर्ण, एकाकडे अशोक देवदत्त टिळकांनी संपादलेली, आणि आखातातल्या मुलीच्या मोबाइलवर कुठून तरी आलेली धूसर छायाप्रत. ‘पान एकशे बारा काढा’ म्हटलं की चार ठिकाणी चार लक्ष्मीबाई. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ ला. वेगवेगळ्या प्रती समोर ठेवून बसलेल्या नाथांचा वैताग मला त्या सोमवारी थोडासा कळला. तेव्हापासून पान सांगायचं नाही असं ठरलं. प्रकरण सांगायचं आणि परिच्छेदाचा पहिला शब्द. पोथीवाल्यांनी ओवीला आकडा देऊन हा प्रश्न कधीच सोडवला होता. पोथी कुठेही छापलेली असो, ओवी तीच.

छायाप्रतींबद्दलही एक नियम झाला, थोडं भांडण होऊन. आपल्याकडे लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं त्याच्या वारसांचा हक्क राहतो. लक्ष्मीबाई १९३६ ला गेल्या, गुरुजी १९५० ला. त्यांची पुस्तकं गटावर टाकायला हरकत नाही. त्यापुढच्यांची विकत घ्या, नाही तर वाचनालयातून आणा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, सावाना म्हणतात त्याला सगळे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं, त्यातून पुस्तकांची पेटी सोसायट्यांपासून थेट परदेशापर्यंत फिरते. जिथून पुस्तकांच्या पेट्या समुद्रापार जातात, त्या जिल्ह्यात एका हयात लेखकाचं पुस्तक फुकट मागणं मला बरं वाटेना. एक जण यावरून गट सोडून गेला. जाऊ द्या.

बोलण्याच्या वीस मिनिटांत मी एकच प्रश्न ठेवला: कुठे अडलात? ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला छान याखेरीज उत्तर नसतं. लग्नातल्या जेवणाबद्दल विचारल्यासारखं ते. दुकानात शेतकरी येतो तो पान खुडून आणतो आणि काउंटरवर ठेवतो, हे बघा, इथं. मला तसं पान हवं होतं. ‘स्मृतिचित्रे’च्या चौथ्या की पाचव्या बैठकीत एक वहिनी बोलल्या. दोन वर्षांत त्यांचा आवाज आम्ही ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, ‘मी अडलेय ती एकाच जागी. नवरा न सांगता घर सोडून जातो, धर्म बदलतो, आणि ही बाई ते लिहिताना हसवते कशी? मला राग येतोय तिचा.’ सरांनी विनोद आणि करुणा असं काही तरी सुरू केलं. वहिनींनी त्यांना थांबवलं, ‘सर, मला तिच्यासारखं हसता येत नाही, म्हणून राग येतोय.’ चाळीस मिनिटं झाली, बैठक बंद पडली. मी पुन्हा दुवा पाठवला. सगळे परत आले.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. चौतीसचे एकवीस राहिले. ऑक्टोबर छाटणी लागली की द्राक्षवाले सदस्य गायब होतात. छाटणी, मग डिपिंग, विरळणी, भुरी-डाऊनीची धास्ती आणि अवेळी पाऊस. त्या दिवसांत मीही दुकानातून रात्री दहाला सुटतो. पहिली दोन वर्षं आम्ही याला गळती म्हणायचो. आता त्या महिन्यांत जड पुस्तक लावतच नाही, गोष्टी लावतो, एका बैठकीत एक. ज्यांना यायचं ते येतात. ‘रणांगण’ माल खाली झाल्यावर, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर. विश्राम बेडेकरांना याबद्दल काय वाटलं असतं कुणास ठाऊक.

मोहाडीकडचा एक दादा मात्र ऐन हंगामातही येतो, आवाज बंद ठेवून. गेल्या सोमवारी तो बंद करायचा विसरला. सर वाचत होते आणि मध्येच खळकन पाण्याचा आवाज, मग मोटारीची घरघर. शेतीची लाईट आली होती. सर थांबले.

‘दादा, तुमचं काम असेल तर जाऊन या,’ मी म्हणालो.

‘नाही हो,’ तो म्हणाला, ‘कॉक फिरवला. आता दोन तास बांधावर बसायचंच आहे. वाचा तुम्ही. आणि सर, जरा मोठ्यानं. माझ्याबरोबर गडी पण बसलाय.’