तीन दशांश व्होल्टांचा अपराध

घरांतील वस्तु बिघडली म्हणजे तिचा दोष कोणाच्या तरी माथीं मारल्यावांचून मनुष्यास स्वस्थता वाटत नाहीं. घड्याळ मागें पडलें तर तें कोणी तरी हलविलेलें असतें, आणि लेखणी गळूं लागली तर ती मुलांनीं पाडलेली असते. आम्हीही या नियमास अपवाद नाहीं, हें आम्हांस १९९८ सालच्या उन्हाळ्यांत चांगलेंच कळून आलें. तें कळण्यास एक संगणक कारण झाला. त्याची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्या वेळीं आम्ही पुण्यास राहत होतों. आमच्याजवळ १६६ मेगाहर्ट्झ वेगाचा पेंटियम एमएमएक्स प्रोसेसर असलेला संगणक होता. तो उत्तम चालत असे. परंतु उत्तम चालणाऱ्या वस्तूस हात लावण्याची बुद्धि ज्यांस होत नाहीं असे पुरुष विरळा. कांहीं कामानिमित्त मुंबईस जाणें झालें असतां लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानांतून आम्हीं एएमडी कंपनीचा के-६ जातीचा २३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर विकत घेतला. त्या काळच्या सॉकेट ७ पद्धतीच्या मदरबोर्डांत ही मोठी सोय होती कीं, निरनिराळ्या कंपन्यांचे प्रोसेसर एकाच बैठकींत बसत. मात्र बसविणारास दोन गोष्टी बोर्डाला सांगाव्या लागत: प्रोसेसरनें किती वेगानें चालावें, आणि त्याच्या गाभ्यास किती व्होल्ट द्यावे. हें सांगण्याचें साधन म्हणजे जंपर. बारीक खिळ्यांच्या रांगेंतील दोन खिळे एकमेकांस जोडणारी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी प्लॅस्टिकची टोपी.

वेगाचें गणित तर मोठें गमतीचें होतें. बोर्ड ६६ मेगाहर्ट्झचे ठोके देई व प्रोसेसरनें त्यांची साडेतीनपट करावयाची. पण बोर्डाबरोबर आलेल्या पुस्तिकेंत साडेतीनपटीचा जंपर कोठेंच दाखविलेला नव्हता. पुष्कळ विचारान्तीं उलगडा झाला कीं, जुन्या प्रोसेसरांसाठीं दीडपट म्हणून जी खूण होती, तीच हे नवे प्रोसेसर साडेतीनपट अशी वाचतात. हें कोडें आम्हीं स्वतः सोडविलें, आणि त्याचा आम्हांस इतका अभिमान वाटला कीं, व्होल्टांच्या कोष्टकाकडे आम्हीं एकच दृष्टिक्षेप टाकला. के-६ या नांवापुढें २.९ हा आंकडा दिसला. जंपर २.८ वरून २.९ वर नेला, प्रोसेसरच्या पाठीवर पांढरा लेप दिला, वर पंखा बसविला आणि पेटीचें झांकण लावलें. कोष्टकांतील खालच्या ओळींत काय लिहिलें आहे तें वाचण्याची आवश्यकता आम्हांस भासली नाहीं.

सुटी लागतांच आमचा चौदा वर्षांचा पुतण्या साताऱ्याहून आला. पहिले दोन दिवस यंत्राच्या कौतुकांत गेले. तिसऱ्या दिवशीं तो मोटारशर्यतीचा खेळ खेळत असतां पडदा एकाएकीं निळा झाला व त्यावर पांढऱ्या अक्षरांत कसल्याशा दोषाची सूचना आली. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलें तों ठीक. दुसऱ्या दिवशीं पुन्हा तेंच. कधीं निळा पडदा, कधीं चित्र जागच्या जागीं गोठलेलें, तर कधीं यंत्र आपण होऊनच नव्यानें सुरू होई. शिवाय सूचना दर वेळीं निराळी. आज अमुक फाइल सांपडत नाहीं, उद्यां मेमरींत बिघाड, परवां आणखी तिसरेंच. एकच साक्षीदार रोज नवी साक्ष देऊं लागला तर न्यायाधीशानें काय करावें?

आम्हीं उपायांत कसूर केली नाहीं. विषाणू शोधणारा प्रोग्रॅम चालविला. विंडोज ९५ पुसून पुन्हा घातली. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरानें घासल्या व एकेक पट्टी लावून पाहिली. अखेरीस, संध्याकाळीं आमच्याकडील दिवे मंदावतात हें ध्यानांत घेऊन एक भारी किंमतीचा स्टॅबिलायझर आणला. अशा रीतीनें भिंतींतील २३० व्होल्टांचा बंदोबस्त झाला; पेटीच्या आंतील तीन व्होल्टांकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

राहतां राहिला पुतण्या. आम्ही पत्रें लिहीत असतां यंत्र कधींच कोलमडत नसे. कोलमडे तें हा मुलगा बसल्यावर. आम्हीं त्यास समोर उभें केलें. तो म्हणाला, “काका, मीं कांहीं केलें नाहीं. खेळ बंद ठेवून नुसत्या फाइली दाबून लहान करूं लागलों, तरी असेंच होतें.” उलट उत्तर करूं नकोस, असें आम्हीं त्यास बजावलें, आणि त्याच रात्रीं दादांस पत्र लिहिलें. त्या पत्रांत आम्हीं ‘खोटें बोलण्याची संवय’ असे शब्द घातले होते. ते आम्हांस आजही आठवतात आणि नकोसे वाटतात. दादांचा स्वभाव कडक. चौथ्या दिवशीं ते स्वतः आले व सुटी अर्धी राहिली असतां मुलास घेऊन गेले. निघतांना त्यानें एक वही आमच्या टेबलावर ठेविली. “यांत सगळें लिहून ठेवलें आहे, काका,” एवढेंच तो बोलला. आम्हीं ती न उघडतांच खणांत टाकली.

पुढचे पांच दिवस यंत्र मुकाट्यानें चाललें व आमची खात्री पटली. सहाव्या दिवशीं कांहीं जुने कागद फ्लॉपीवर मावावे म्हणून फाइली दाबून लहान करूं लागलों, तोंच पडदा निळा झाला. घरांत दुसरें कोणीही नव्हतें.

तेव्हां आम्हीं खण उघडला. वहींत सतरा नोंदी होत्या. प्रत्येकीपुढें तारीख, वेळ, सुरू केल्यापासून किती मिनिटें झालीं, आणि त्या क्षणीं काय चाललें होतें, हें सर्व पेन्सिलीनें लिहिलेलें. अकरा वेळां खेळ. चार वेळां फाइली दाबण्याचें काम. दोन वेळां चित्रपट. लिहितांना एकदांही नाहीं. आम्हीं अठरावी नोंद आपल्या हातानें केली आणि मग ती यादी पुन्हा वाचली. त्या सर्व कामांत एकच गोष्ट समान होती. त्या प्रत्येक वेळीं प्रोसेसरास अंगमेहनत पडत होती. आम्ही पत्र लिहीत असतां तो दोन अक्षरांच्या मध्यें बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असे.

प्रयोग म्हणून आम्हीं वेग साडेतीनपटीवरून तिपटीवर, म्हणजे २०० मेगाहर्ट्झवर आणला. दोन दिवस अहोरात्र फाइली दाबल्या व पुन्हा उलगडल्या. यंत्र एकदांही अडखळलें नाहीं. २३३ वर नेलें कीं पाऊण तासांत निळा पडदा. मेमरी तीच, विंडोज तीच, मोटारशर्यतही तीच. तेव्हां वेग आणि प्रोसेसर यांखेरीज संशयास जागा उरली नाहीं. पंखा उतरविला, बैठकीची दांडी उचलून प्रोसेसर बाहेर काढला व कापसानें पांढरा लेप पुसला. खालीं स्पष्ट अक्षरांत छापलेलें होतें: गाभा ३.२ व्होल्ट. आम्ही जो आंकडा शोधीत होतों तो आम्हींच लेपाखालीं पुरला होता. मग पुस्तिका काढली. के-६ च्या १६६ व २०० या दोन वेगांस २.९ व्होल्ट, २३३ साठीं निराळी ओळ, ३.२ व्होल्ट.

एवढ्याशा अंतरानें असा अनर्थ कां व्हावा, हें समजून घेण्यासारखें आहे. त्या प्रोसेसरांत ८८ लाख ट्रान्झिस्टर आहेत, आणि प्रत्येक म्हणजे एक अतिसूक्ष्म बटण. तें दाबलें जाण्यास किंवा सुटण्यास थोडासा वेळ लागतो, व हा वेळ व्होल्ट कमी केले कीं वाढतो. २३३ मेगाहर्ट्झवर एका ठोक्यास सेकंदाचा सुमारें २३ कोटींवा हिस्साच मिळतो. तेवढ्यांत एकामागून एक अशा अनेक बटणांची रांग आपलें काम संपवून स्थिर व्हावी लागते. ती होण्यापूर्वीं पुढचा ठोका पडला तर अर्धवट उत्तरच खरें म्हणून उचललें जातें. शून्याच्या जागीं एक येतो. तो कोणत्या कामांत येईल याचा नेम नाहीं, म्हणूनच सूचना रोज निराळी. जड कामांत प्रोसेसर अधिक वीज ओढतो व त्याच्यापर्यंत पोंचणारे व्होल्ट आणखी किंचित् खालीं येतात, म्हणून बळी नेमका खेळणारा. मग सर्वांसच मोकळ्या हातानें व्होल्ट कां देऊं नयेत? कारण उष्णता व्होल्टांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. २.९ वरून ३.२ वर गेलें कीं तेवढ्याच वेगास ती सुमारें २२ टक्क्यांनीं चढते. तो प्रोसेसर पूर्ण कामांत सुमारें २८ वॅट उष्णता टाकीत असे, व आम्हांस त्यासाठीं मोठा पंखा आणावा लागला. जंपर ३.२ वर नेल्यानंतर मात्र निळा पडदा पुन्हा दिसला नाहीं.

दादांस दुसरें पत्र लिहिणें पहिल्यापेक्षां पुष्कळ जड गेलें. मुलगा खरें बोलत होता व चूक आमची होती, एवढ्या मजकुरासाठीं चार कागद फाडावे लागले. उत्तरादाखल कार्ड आलें. त्यावर एकच ओळ होती: “पत्र मुलास वाचावयास दिलें.” दिवाळींत तो आला. रागाचा एक शब्दही त्यानें काढला नाहीं. आम्हांस तो काढलेला चालला असता. त्यानें पेटी उघडून जंपर पाहिला, पुस्तिकेंतील ती खालची ओळ वाचली, आणि आपली वही मागितली.

तो आतां चाळिशीचा झाला आहे. २०२४ सालच्या जुलै महिन्यांत त्याचा दूरध्वनि आला. “काका, ऐकलेंत का? पुन्हा व्होल्टच!” तोंवर जंपरांचा काळ कधींच मागें पडला होता. १९९७ च्या पेंटियम २ सारखे प्रोसेसर आपणांस किती व्होल्ट हवेत तें स्वतःच बोर्डास सांगूं लागले, व आमच्यासारख्यांच्या हातचें तें काम गेलें. परंतु इंटेल कंपनीच्या १३व्या व १४व्या पिढीचे कांहीं डेस्कटॉप प्रोसेसर कित्येक महिने खेळांच्या मध्येंच कोलमडत होते. पुष्कळदां सूचना येई ती चित्रकार्डाची मेमरी अपुरी असल्याची, आणि लोक बिचाऱ्या चित्रकार्डास दोष देत. जुलैंत कंपनीनें जाहीर केलें कीं, प्रोसेसरांतील सूक्ष्म आज्ञावलीच्या चुकीमुळें ते बोर्डाकडे गरजेपेक्षां जास्त व्होल्ट मागत होते. ऑगस्टपासून आज्ञावलीच्या सुधारलेल्या आवृत्त्या आल्या व हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविण्यांत आली. परंतु जे प्रोसेसर त्या व्होल्टांनीं आधींच झिजले होते ते आज्ञावलीनें बरे होण्यासारखे नव्हते. ते बदलूनच द्यावे लागले. आमचा के-६ भाग्यवान्. तो अर्धपोटीं राहिला, पण त्यास इजा झाली नाहीं.

बोलणें संपतां संपतां त्यानें विचारलें, “ती वही अजून आहे का हो?”

आम्हीं उठून खण उघडला. वही होती. पहिल्या सतरा नोंदींची पेन्सिल आतां पुसट झाली आहे. अठरावी आमच्या अक्षरांत आहे, आणि तिच्यापुढें त्या दिवाळींत त्यानें तांबड्या शाईनें लिहिलेला ३.२ हा आंकडा आहे.