रुक्मिण नव्हे, राधा

जत्रेच्या रात्री आमच्या आरोंद्याच्या सातेरी-भद्रकालीच्या देवळात मी दशावतारी मंडळींच्या रंगपटात जाऊन बसलो होतो. राधेचं पात्र करणारा गडी ओठांत पिना धरून निऱ्या घालत होता. मिशी संध्याकाळीच उतरवलेली. तिथली हिरवट झाक झाकायला त्याने दुसऱ्यांदा पावडर थापली. मी सहज विचारलं, दुसऱ्याच्या बायकोने रात्री देवामागे जायचं, हे देवळातच दाखवताना काही वाटत नाही?

पिना काढून तो म्हणाला, ‘‘घोव आसा म्हणानच ती राधा, मास्तरांनू. नायतर रुक्मिणच झाली नसती?’’

संतवाङ्मय शिकवण्यात माझी उभी हयात गेली. इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही.

मी शिकत होतो तेव्हा विराण्या, म्हणजे परपुरुषाच्या ओढीचे अभंग, आल्या की आमचे गुरुजी ‘‘हे रूपक आहे बरं’’ म्हणून पान उलटत. तुकोबांच्या गाथेत त्या अगदी सुरुवातीला आहेत, पंचवीस अभंग. बोलणारी लग्नाची बाई. घरच्या दादल्याने तिची हौस भागली नाही, म्हणून ती परपुरुषाकडे गेली आणि आता जनलाजेच्या पलीकडे पोचली आहे. पतिव्रतेचा दाखला तुकोबांच्या हाताशी होता, इतरत्र त्यांनी तो वापरलाही. इथे मात्र व्यभिचारिणी निवडली. नवऱ्याकडे जायला काय लागतं? शेजारीपाजारी ओटी भरून पाठवतात. परपुरुषाकडे जाणारीला मागे सगळं सोडावं लागतं. जनाबाई तर स्वतःला वेसवा म्हणवून घेते, पदर खांद्यावर घेऊन भरबाजारात निघते. रूपक म्हणा हवं तर. पण खऱ्या अब्रूची किंमत मोजल्याशिवाय ते पेटत नाही.

बौद्ध सिद्धांकडे हीच बाई आणखी धीट होऊन भेटते. हरप्रसाद शास्त्रींना 1907 साली नेपाळ दरबारच्या ग्रंथालयात या सिद्धांच्या चर्यागीतांची पोथी सापडली. मुळातल्या पन्नासांपैकी साडेशेहेचाळीस गीतं तिच्यात शिल्लक होती. त्यांतल्या कान्हपा या सिद्धाच्या गीतातली डोंबीण गावाबाहेर झोपडीत राहते. विटाळ मानणारे बामण तिच्याभोवती घोटाळतात, आणि कान्हपा हाडांची माळ घालून उघडपणे तिच्याकडे निघतो. टीकाकार मुनिदत्त सांगतो, डोंबी म्हणजे नैरात्मा, ‘मी’पण गळाल्यावर उरते ती. बरोबरच आहे, पण तांत्रिक साधनेत संग नुसता शब्दांतच राहिला नव्हता. आमच्या संतांची विरहिणी वाट पाहत झुरते, डोंबीण भेटते. डोंबिणीला स्वतःला काय वाटलं ते मात्र कुणी विचारलेलं दिसत नाही. गीत कान्हपाचं आहे.

हाच कान्हपा म्हणजे आपला मढीचा कानिफनाथ, अशी परंपरा आहे. म्हणजे डोंबिणीचा प्रियकर नाथांच्या घरी आला. आणि त्या घराने काय केलं? बाईलाच दाराबाहेर काढलं. मच्छिंद्र स्त्रीराज्यात गुंततो, गोरख त्याला सोडवून आणतो, ही त्यांची लाडकी कथा. गंमत पुढेच आहे. गहिनीनाथांचा उपदेश निवृत्तीनाथांना आणि त्यांच्याकडून ज्ञानदेवांना. अशा योग्यांच्या घराण्यातला हा विशीतला मुलगा विरहिणी लिहितो. तिला चंदन पोळतं, चांदणं सोसवत नाही, कावळा ओरडला तरी पाहुण्याची आस लागते. पुढच्या दाराने घालवलेली बाई परसदाराने आत आली, तीही थेट ज्ञानदेवांच्या कंठात.

गहिनीनाथ आमच्या मुलखाला परके नाहीत. नदीपलीकडे पेडण्यातल्या पालयेला 1714 साली जन्मलेले आणि पुढे बांद्याला राहिलेले सोहिरोबानाथ इन्सुलीच्या वाटेवर फणस खायला बसले, तेव्हा गहिनीनाथांनी त्यांच्याकडे गरे मागितले आणि कृपा केली, असं इथे घरोघर सांगतात. जोग्याला आधी फणसाची भूक लागली, हे मला त्या कथेत फार आवडतं.

पहाटे दहीकाला झाला. राधेची पावडर घामाने उतरली होती आणि ओठांवरची हिरवी झाक पुन्हा दिसत होती. गडी लुगडं न सोडता तसाच गाभाऱ्याकडे गेला, डोक्यावर पदर घेतला, देवीला नमस्कार केला. मग पेटाऱ्यापाशी बसून एकेक पीन काढू लागला.