बारा दाखवतंय ना?

पाण्याची क्षारता मोजणारा माझा रिफ्रॅक्टोमीटर बरोबर होता, हे मला अजून पचत नाही. तो खोटा निघाला असता तर सगळं खापर त्याच्यावर फोडून मोकळी झाले असते.

वाशिष्ठीच्या काठाला राहणाऱ्यांना निळ्या नांग्यांची मोठी कोळंबी काय ते सांगायला नको. राहते गोड्या पाण्यात, पण माद्या पोटाखाली अंडी घेऊन खाडीकडे उतरतात, कारण पिल्लांना मचूळ पाणी लागतं. शाओ-वेन लिंग यांनी पिनांगला 1961च्या सुमारास हे ओळखलं आणि मग कुठे या कोळंबीची पिल्लं माणसाच्या हातून जगायला लागली. हॅचरीवाले क्षारता 12 पीपीटीच्या आसपास ठेवतात, म्हणजे किलोभर पाण्यात 12 ग्रॅम क्षार. समुद्रात साधारण 35.

जाळ्यात आलेली अंडीवाली मादी शेजारच्या मामांनी आणून दिली. "वहिनी, ही विकवत नाही, तुमच्या टाकीत सोडा." नारिंगी अंडी राखाडी झाली आणि एका रात्री पिल्लं सुटली. जेमतेम दोन मिलिमीटरची, पारदर्शक. टॉर्च लावला की उजेडाकडे गोळा व्हायची, पाठ खाली आणि शेपटी पुढे करून.

मिठाचं पाकीट शहरातल्या एका मोठ्या मत्स्यालय-दुकानातून आणलं होतं. वर रंगीत माशाचं चित्र आणि ठळक अक्षरांत 'समुद्री मीठ'. नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून आरओचं पाणी घेतलं. मीठ तोलून घातलं, रात्रभर एअर पंप चालू ठेवला. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकून उजेडाकडे धरला. निळ्या रंगाची कड बरोबर 12 वर. खात्रीसाठी हायड्रोमीटरही बुडवला, तोही तेच म्हणाला. मग पिल्लांच्या भांड्यात ते पाणी नळीने थेंबथेंब सोडलं.

दुसऱ्या दिवशी पिल्लं पांढुरकी पडून तळाशी. टॉर्चला एकही वर येईना.

मी पाण्याची बाटली आणि ते पाकीट घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने शांतपणे स्वतःचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, थेंब टाकला आणि माझ्या हातात दिला. "ताई, बघा. बारा दाखवतंय ना? मग मिठाचा काय दोष?" मी म्हटलं, यात नुसतं मीठच आहे. तो म्हणाला, "मीठ ते मीठ." मग त्याने मागची बरणी दाखवली. त्याच मिठाच्या पाण्यात आर्टेमियाची, म्हणजे पिल्लांना खाऊ घालायच्या बारीक जीवांची, अंडी फुटून केशरी पिल्लं नुसती बुजबुजत होती. "ही कशी जगली मग?" भोवतीची गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. पैसे परत मागितले तर म्हणाला, पाकीट फोडलेलं आहे.

त्याच्याच काउंटरवर पाण्याचा कठीणपणा मोजायचं किट होतं. मी ते विकत घेतलं आणि तिथेच माझ्या पाण्यात एक थेंब टाकला. पहिल्याच थेंबाला हिरवा रंग. म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळजवळ नाहीच. खाडीच्या 12 पीपीटी पाण्यात तो रंग यायला शंभरावर थेंब लागतील. हे मी त्याला सांगितलं. त्याने किटचा डबा मिटला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला "बोला" म्हणाला.

रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वाकतो तेवढंच बघतो, हायड्रोमीटर पाणी किती दाट आहे तेवढंच. क्षार किती, हे त्यांना कळतं. कोणते, हे कळत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइडच्या जोडीला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असतं आणि पिल्लांना त्यांच्यावाचून निभावत नाही. मिठागरातलं खडा मीठ समुद्राचंच, तरी तो समुद्र नव्हे. शिरोड्याला आगरं आहेत तिथे जाऊन बघावं. पाणी आटताना चुन्याचे क्षार आणि जिप्सम आधी बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियमचं कडू पाणी शेवटी काढून टाकतात. हाती येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. आर्टेमियाची अंडी त्यातही फुटतात, म्हणून दुकानदाराची बरणी खोटी नव्हती. त्याने मला जाणूनबुजून फसवलं असं आता मला वाटत नाही. पण मग पाकिटावर 'समुद्री' कशाला?

पुढच्या मादीच्या वेळी दिराने गुहागरहून कॅनमधून पाणी आणलं. कपड्यातून गाळून ठेवून दिलं. एक भाग समुद्राचं आणि जवळजवळ दोन भाग गोडं, असा सरळ हिशेब, पण तो उन्हाळ्यातला. पावसात किनाऱ्याचं पाणी पातळ झालेलं असतं, तेव्हा प्रत्येक कॅन मोजावाच लागतो. ज्या यंत्राचा मला राग आला होता तेच रोज हातात घ्यायची वेळ आली. कॅनमधलं पाणी खरं असलं की त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबता येतं. पाणी आटलं तर भर गोड्या पाण्याचीच घालायची, क्षार मागेच राहिलेले असतात. पिल्लांना अगदी काटेकोर 12 लागतं असंही नाही. थोडं वरखाली ती खपवून घेतात, क्षारांच्या मिश्रणातली उणीव मात्र नाही.

महिना-दीड महिन्याने काही पिल्लं सरळ होऊन भांड्याच्या भिंतीवर चालायला लागली. बरीच मेली, तशी कुणाकडेही मरतात. पण पहिल्या पाण्यातली सगळी मेली होती आणि ती मरायची नव्हती.

ज्यांना घरी हे करायचं असेल त्यांनी पाकिटावर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमचे आकडे छापलेत का ते बघावं. नसतील तर कठीणपणाचं किट दुकानात उघडून मागावं, लाजू नये. आर्टेमियासाठी मी अजूनही त्याच दुकानातलं तेच मीठ आणते, स्वस्त आहे आणि चालतं. दर वेळी पाकिटावरच्या 'समुद्री' शब्दावर बोट ठेवून हा कधी काढणार, असं विचारते. तो "कंपनीला सांगतो" म्हणतो.