बाबांची शुगर

जवळजवळ आठ महिने मी सगळ्यांना सांगत होते की बाबांना शुगर आहे. खोटं बोलायला शुगर फार सोयीची. माणूस बारीक का झाला, लग्नात पंगतीला का बसला नाही, बाहेर का दिसत नाही, सगळ्याला एकच उत्तर. फक्त एक घोटाळा झाला. वडगावातल्या आमच्या गल्लीत घराघरात शुगरवर एकतरी औषध असतंच. मेथीचे दाणे आले, जांभळाच्या बियांची पूड आली. समोरच्या काकू तर रोज सकाळी कारल्याच्या रसाचं भांडं घेऊन दारात. बाबा मुकाट्यानं प्यायचे. खोटं माझं आणि कडू तोंड त्यांचं. नको म्हणायचाही जोर त्यांच्यात उरला नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही.

आमच्या घरी चार यंत्रमाग होते. त्या खटखटीतच मी झोपले, त्यातच अभ्यास केला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माग थांबले. सूत मिळेना, तयार साड्या कोणी उचलेना. दोन माग विकावे लागले. पण गंमत बघा, त्या दिवसांत बाबा खंबीर होते. हातगाडीवर भाजी विकली, आम्हालाच धीर दिला. मग सगळं हळूहळू सावरलं, ऑर्डरी येऊ लागल्या, आणि त्यानंतर कधीतरी बाबा खाली बसले. म्हणून तर कोणाला पटेना. "आता काय झालंय? आता तर बरं चाललंय की!" हे मामा म्हणाले, आत्या म्हणाली. मीही म्हणाले.

पहाटे तीनला ते उठून बसायचे. दोन-दोन दिवस आंघोळ नाही. तुटलेला धागा सांधणं म्हणजे बाबांच्या बोटांना झोपेतही जमेल असं काम. पण माग थांबवून, तो धागा हातात धरून ते नुसते बघत बसलेले मी पाहिलेत. आत्यानं करणी ठरवली. लिंबू उतरवून झालं, त्यात पैसे गेले ते वेगळेच. मामा हसत म्हणाले, "भावोजींना धारवाडला न्यायला पाहिजे." बेळगावात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. धारवाडला मनोरुग्णांचा जुना मोठा दवाखाना आहे, आणि आम्ही पोरं शाळेत भांडताना एकमेकांना तिथंच पाठवत होतो.

एका रात्री, परीक्षा दुसऱ्या दिवशी, मी बाबांवर ओरडले. "नाटकं पुरे आता. आई एकटी किती करेल?" बाबा एवढंच म्हणाले, "माझंच चुकतंय बाळ." ते उलटून बोलले असते तर मला झोप लागली असती.

पुढं माझी हजेरी कमी पडली तेव्हा कॉलेजच्या समुपदेशक मॅडमनी बोलावलं. मी नेहमीचं सांगितलं, वडिलांना शुगर आहे. त्यांनी सहज विचारलं, "किती आहे?" मला आकडा सांगता येईना. आठ महिन्यांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मी तिथंच रडायला लागले.

त्यांच्या सांगण्यावरून आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. थायरॉईड बिघडलं तरी माणूस असा मंद, उदास होऊ शकतो, म्हणून रक्त तपासलं. त्यात शुगरही तपासली. नॉर्मल आली. बाबांनी माझ्याकडं बघितलं आणि किंचित हसले. कितीतरी दिवसांनी.

मग खरंच धारवाड. जाताना आईनं शेजारी सांगितलं, पाव्हण्यांकडं जातोय. मला वाटलं होतं तिथं गज असतील, आरडाओरडा असेल. बाहेरच्या रुग्णांच्या रांगेत आमच्यासारखीच माणसं, डबे घेऊन आलेली. डॉक्टर कन्नड बोलणारे. मराठीत "तुम्हाला काय होतंय" याला बाबा सहा महिने "काही नाही" म्हणत होते. डॉक्टरांनी विचारलं, "बेजार आगतदेनु?" बेजार हा शब्द दोन्हीकडचा. आपण तो जिवाला त्रास झाला की वापरतो, कन्नडमध्ये मन उदास झालं, कशातच लागेना, तरी तोच. बाबा म्हणाले, "हौदु." आणि मग बोलत राहिले, अर्धं कन्नड, अर्धं मराठी.

डॉक्टरांनी पुढं सरळ विचारलं, जगणं नको असं वाटतं का. आईनं पदर तोंडाशी धरला. बाबा खाली बघत म्हणाले, कधीकधी वाटतं. असं विचारल्यानं तो विचार नव्यानं डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते, हे डॉक्टरांनी आईला दोनदा समजावलं. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. आईनं टेली-मानसचा १४४१६ हा नंबर कॅलेंडरवर गॅसच्या नंबराशेजारी लिहिलाय. तो फुकट आहे आणि रात्रीही लागतो.

पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही. मी मनात म्हटलं, गेले पैसे. मग झोप सुधारली. मग एक दिवस भाजीत मीठ कमी आहे म्हणून बाबा कुरकुरले आणि आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. अजूनही वाईट दिवस येतात. तेव्हा मी "उठा की" म्हणत नाही. मागाशेजारी बसून कांड्या भरते. कधी ते येऊन बसतात, कधी नाही.

काकूंचं भांडं मात्र येतच होतं. शेवटी एका सकाळी आईनंच उंबऱ्यात सांगितलं, "शुगर नाही हो. मनाचा आजार आहे. धारवाडचं औषध चालू आहे." मी आत श्वास रोखून उभी. आता गल्लीभर होणार. काकू पायरीवर बसल्या. बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या धाकट्याचं पण असंच आहे गं. आम्ही बीपी म्हणून सांगतो."

पुढच्या तारखेला धारवाडच्या बसमध्ये आई, बाबा, काकू आणि त्यांचा धाकटा असे चौघं होते. काकूंनी सगळ्यांसाठी दशम्या घेतल्या होत्या.